दुनळीच्या पट्टीखाली

नाशिक, ३ ऑगस्ट

आई,

मी योगिनी, तुमची सून. ओळख करून द्यावी लागतेय, कारण आपली भेट एकदाच झाली, माझ्या लग्नात. तुम्ही अक्षता टाकल्या आणि न जेवता पेठच्या गाडीत बसलात. नवरीने मान खाली घालून बसायचं असतं, पण डोळे कोण बांधून ठेवतं? मला सगळं दिसलं.

आधी फोनच करणार होते. हर्षल म्हणाला, आई या घरातून आलेला फोन उचलत नाही. तो स्वतः तुम्हाला कंपनीतून करतो म्हणे. म्हटलं मग पत्र लिहावं. पोस्टमनला काही तुम्ही दारातून परत पाठवणार नाही.

विशेष काही नाही, सहज लिहितेय. आता तुम्ही अंगणवाडीतल्या बाई, सहज म्हणणारं पोर खिशात काय लपवून आलंय ते तुम्हाला लगेच कळत असणार. तरी असू दे.

अंबडच्या लॅबमधली नोकरी सोडल्यापासून मी अप्पांच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात बसते. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. हर्षलला बंदुकांत कधीच रस नव्हता, हे तुम्ही जाणताच. मी रसायनशास्त्र शिकलेली आणि घरात बसून कंटाळलेली. अप्पा आधी नको म्हणाले, मग बघू म्हणाले, मग परवान्याच्या कागदांवर मदतनीस म्हणून माझं नाव लागलं. भद्रकालीत बंदूक घासणारी बाई कशी दिसते ते बघायला पहिल्या आठवड्यात लोक उगाच येऊन गेले.

आज एक गोष्ट बघितली. ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास जाणार नाही, आणि हर्षल ऐकता ऐकता झोपतो.

एका जुन्या बंदुकीचा स्क्रू होता. अप्पांनी तो माझ्याकडून चकचकीत घासून घेतला, पितळेचा कीस भरलेल्या तव्यात खोचायला लावला आणि खाली स्टोव्ह पेटवला. म्हणाले, "आता नजर हलवू नको." बराच वेळ काही झालं नाही. मग स्क्रूचं डोकं वाळक्या गवतासारखं पिवळं झालं. पिवळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं जांभळं, आणि जांभळ्याचं बघता बघता असं निळं झालं की मी हातातला चिमटा विसरले. "काढ की आता," अप्पा म्हणेपर्यंत ते निळं उडालं आणि स्क्रू राखाडी पडला. पुन्हा घासला, पुन्हा तापवला. दुसऱ्या खेपेला वेळेत उचलला.

त्याला कोणी रंग लावला नव्हता, आई. पोलाद तापलं की त्यावर अगदी पातळ पापुद्रा धरतो आणि उजेड त्यात असा काही खेळतो की निळं दिसतं. कॉलेजात हे लिहून मी मार्क मिळवलेत. पण लिहिताना अंगावर काटा आला नव्हता. मी तो स्क्रू गार झाल्यावर मुठीत धरून बसले होते. अप्पांनी तो माझ्या हातातून घेतला आणि तेलाच्या फडक्याने पुसला. त्यांची ती सवय तुम्हाला ठाऊक असेल.

उत्तर नाही दिलंत तरी मी लिहिणार आहे. मी इगतपुरीची. आमच्याकडे एकदा सुरू झालं की थांबत नाही.

तुमची
योगिनी


नाशिक, १७ ऑगस्ट

आई,

तुमचं कार्ड आलं. 'पत्र मिळालं. बंदुकांचं मला लिहू नको. तू वेळेवर जेवतेस का ते लिही.' मी ते चारदा वाचलं.

जेवते. काल मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी होती, भाकरी जरा करपली. झालं. आता बंदुकांचं.

दिंडोरीकडचा रविराज नावाचा द्राक्षवाला गोणपाटात गुंडाळलेली दुनळी बंदूक घेऊन आला. वडील वारले, बंदुकीचा परवाना आता त्याच्या नावावर झालाय. म्हणाला, "अप्पा, ही आमच्या म्हाताऱ्याची. निळाई तुमच्याच दुकानात चढवलेली, पण लय गंजली. म्हातारा असेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाय. यंदा खंडेनवमीला पूजेत मांडायची हाय, निळाई चढवून द्या."

अप्पांनी गोणपाट सोडलं, बघितलं आणि परत गुंडाळलं. "नाय होणार," म्हणाले. कारण सांगितलं नाही. मी मधेच तोंड घातलं, "होईल, ठेवून जा." गिऱ्हाइकासमोर सुनेवर ओरडायची अप्पांना लाज वाटते, त्याचा मी फायदा घेतला.

संध्याकाळी हर्षलला छळलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. तो सहावीत होता तेव्हाचं. खंडेनवमीला तुम्ही दुकानात हत्यारांची पूजा केलीत, ही दुनळी तयार होऊन भिंतीला टेकली होती, तिलाही अंगठ्याने हळदीकुंकवाचा टिळा लावलात. पुढे रविराजचे वडील गंजलेली बंदूक घेऊन दुकानात आले आणि चार गिऱ्हाइकांसमोर अप्पांना वाट्टेल ते बोलले. तेव्हा अप्पा म्हणाले, "माझ्या बायकोच्या हाताला गंज आहे. ती शिवली की लोखंड जातं." मग ते शब्द गल्लीभर झाले, आणि तुम्हाला कोणी हळदीकुंकवाला बोलवेना. पण हर्षल म्हणतो, आई त्याने गेली नाही. ती फडक्याने गेली. तुम्ही तवा ठेवलात की अप्पा पुसायचे, विळी ठेवलीत की पुसायचे, आणि एकदा तुमचे भाऊ घरी आलेले असताना तुम्ही दाराची कडी लावलीत आणि अप्पांनी उठून ती कडी पुसली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेठला.

आई, मी या घरात आले त्या दिवशी अप्पांनी माझ्यामागेही कडी पुसली होती. मी माहेरी फोन करून सांगितलं, सासरे फार टापटिपीचे आहेत. आता ते आठवलं की माझे कान तापतात.

तर मी काय केलं ते सांगते. दुकानात पोलादाचे घासलेले तुकडे पडलेले असतात. त्यांवर मी घरातल्या सगळ्यांचे अंगठे उमटवून घेतले. माझा, हर्षलचा, अप्पांचा, आणि शेजारच्या अक्काबाईंचा, कारण त्या न बोलावता येतात. तुकडे ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले. सकाळी सगळ्यांवर तांबडे ठसे उठले होते. रेघ अन् रेघ दिसत होती. घाम सगळ्यांचाच खारट, त्यात काय नवल? पण सगळ्यांत ठसठशीत ठसा अप्पांचा. अक्काबाई म्हणाल्या, "धनराजभाऊ, तुमचाच हात लय कडक दिसतोय." अप्पा म्हणाले, "वयामुळे असंल," आणि आत निघून गेले.

एक गोष्ट मला गप्प बसू देत नाही. टिळा कुठे लावला होता ते अप्पांनी दाखवलं, नळीच्या मागच्या टोकाला. तिथली निळाई जशीच्या तशी आहे. गंज आहे तो सगळा वरच्या पट्टीच्या कडेकडेने.

तुमची
योगिनी


नाशिक, ३० ऑगस्ट

आई,

अप्पांनी बजावलं, यातलं पेठला काही कळवू नको. म्हणून लगेच लिहायला बसले.

दुनळीच्या दोन नळ्यांच्या वर मधोमध एक लांब पट्टी असते. ती कथलाने झाळून बसवलेली असते. रविराजच्या बंदुकीची पट्टी एका टोकाला उचललेली होती. मी म्हटलं, ती सोडवल्याशिवाय निळाई चढवण्यात अर्थ नाही. अप्पा आढेवेढे घेत होते. आज नळ्या तापवल्या, कथील सुटलं आणि पट्टी माझ्या हातात आली.

खाली पांढरं होतं. मिठागरात असतं तसं, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खडे धरलेले. मी पाण्याचा थेंब टाकला आणि लॅबमधून आणलेला लाल लिटमस टेकवला. कागद निळा झाला. कॉस्टिक होतं ते, आई. इतकी वर्षं आत दडून बसलेलं आणि अजून जिवंत.

तुम्हाला कॉस्टिकची टाकी आठवत असेल, दुकानामागे पत्र्याखाली होती ती. त्यात कॉस्टिक आणि खार उकळतात, बंदुकीचे भाग बुडवतात, आणि थोड्या वेळात ते काळेनिळे होऊन निघतात. एकनळीला ते उत्तम. पण दुनळी त्यात घालायची नसते. कॉस्टिक कथील खातं आणि फटीतून पट्टीखाली शिरतं. मग वरून कितीही पुसा, तेल पाजा, आतलं आतच राहतं. हवा दमट झाली की ते बाहेर झिरपतं आणि कडेकडेने गंज धरतो. कोणी हात लावो की न लावो.

मी अप्पांकडे बघितलं. ते खड्यांकडे बघत होते. त्यांचा हात थरथरायचा थांबला होता, किंवा त्यांनी तो मांडीखाली घेतला होता.

"टाकीत घातली होती?" मी विचारलं.

"दसऱ्याची गर्दी व्हती," ते म्हणाले. "सावकाश करायला वेळ नव्हता. बापाने सांगितलेलं, दुनळी टाकीत घालू नको म्हणून."

एवढंच बोलले. पट्टी कागदात गुंडाळली आणि जेवायला वर आले नाहीत.

आई, तुमच्या हाताने काहीही गंजलं नव्हतं. हे वाक्य मी तुम्हाला लिहितेय आणि मला रडू येतंय, मोठ्याने, अक्काबाईंना ऐकू जाईल इतकं. पण मला त्या खड्यांचं नवलही वाटतंय. ते कोणाच्या बाजूने नव्हते. कोण काय बोललं, कोण घर सोडून गेलं, त्यांना काय त्याचं? ते नुसते तिथे होते, कोणीतरी पट्टी उचलेपर्यंत.

तुमची
योगिनी


नाशिक, १५ सप्टेंबर

आई,

तुमचं कार्ड काल मिळालं. एकच ओळ. 'हे तू सांगितलंस, त्यांनी नाही.'

मी ती ओळ अप्पांना वाचून दाखवली. चूक केली असेन तर मला बोला. ते मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "तू लिही ना, मी चुकलो म्हणून." मी म्हटलं, मी लिहिणार नाही, माझं काही चुकलेलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसे आहेत ते. त्यावर उठून मोरीत गेले, नळ्या बघायला.

दुकानामागच्या मोरीत सध्या नळ्या टांगलेल्या असतात आणि तिथे कोणाला हात धुवायचीही परवानगी नाही. कारण आम्ही ही निळाई जुन्या पद्धतीने, गंजवून चढवतोय. पट्टी नव्याने झाळून बसवली, नळ्या घासल्या, सोड्याने धुतल्या. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही, मीही नाही आणि अप्पाही नाही. नळीच्या तोंडात लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि त्या धरून उचलायचं. मग आजेसासऱ्यांच्या वेळचं, गंज आणणारं औषध पुसटसं फिरवायचं आणि ओलसर जागी टांगून गंज चढू द्यायचा.

मला हे पटेचना. मी इगतपुरीत वाढलेय. आमच्याकडे छत्रीच्या काड्या गंजतात, सायकल गंजते, शाळेची घंटा गंजते. माझी आई सगळा पावसाळा गंजाशी भांडत काढते. आणि इथे माणूस स्वतःहून गंज मागतोय. सकाळी नळ्यांवर तांबडी लव आली होती, मखमलीसारखी बारीक. मला वाटलं आता गेली बंदूक, रविराजला काय तोंड दाखवू.

"आता उकळ," अप्पा म्हणाले.

लांब पत्र्याच्या डब्यात गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणी उकळत होतं. नळाचं पाणी चालत नाही, त्याचे डाग पडतात. आम्ही नळ्या बुडवल्या. आणि आई, तो तांबडा गंज माझ्या डोळ्यांदेखत काळा झाला. बुडबुड्यांच्या आत, हळूहळू, कडेपासून मधे. बाहेर काढल्या तर काळ्या मखमलीच्या नळ्या. ती लव मी लोखंडी लोकरीने घासून काढली आणि खाली पोलादाला चिकटून एक फिकट करडी छटा राहिली होती, न निघणारी.

मग पुन्हा औषध, पुन्हा गंज, पुन्हा उकळी, पुन्हा घासणं. दर खेपेला ती छटा जरा खोल जाते. करड्याची काळसर झाली, आणि आज उजेडात तिरकी धरली तर आतून निळी दिसली. पोलादाला खाणारा तोच गंज उकळून निघाला की पोलादाला धरून बसतो आणि नव्या गंजाला आत येऊ देत नाही. त्याची सूत्रं मी कागदावर लिहू शकते. लिहिलीही. लिहून झाल्यावर पुन्हा नळ्यांकडे बघितलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले. देवाला जोडतात तसेच.

अप्पा स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "आम्हाला हे पुरं करायला धीर नव्हता. टाकी आणली तेव्हा बाप म्हणाला व्हता, लवकर निळं व्हईल, पण ते वरवरचं. मी हसलो त्याला."

मग पत्र्याच्या डब्याकडे बोट करून म्हणाले, "ती पाणी उकळून द्यायची. बापाच्या वेळी. डबा तिचाच आहे."

तुम्ही हे सगळं बघितलंय, आणि मी तुम्हाला पानं भरभरून समजावतेय. हसलात तरी चालेल.

तुमची
योगिनी


नाशिक, २८ सप्टेंबर

आई,

काल रविराज दुनळी न्यायला आला. नळ्या तेल पिऊन तयार होत्या. दारातल्या उजेडात त्याने बंदूक वर धरली आणि उलटसुलट करून बघितली. दिवस मावळल्यानंतर आभाळ काळं पडायच्या आधी थोडा वेळ जसं असतं, तसा रंग आलाय. शेवटी म्हणाला, "म्हाताऱ्याने बघायला पाहिजे व्हतं."

दुकानात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं होती, आणि नवरात्राचा प्रसाद द्यायला आलेल्या अक्काबाई. अप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं पाणी हवंय.

"रविराज," ते म्हणाले, "तुझा बाप ही घेऊन इथेच उभा व्हता. तेव्हा मी म्हणालो, माझ्या बायकोच्या हाताने गंजली. ते खोटं व्हतं. मी घाईत दुनळी टाकीत घातली. आतून खार बाहेर आला. तिने फक्त टिळा लावला व्हता."

अक्काबाईंच्या हातातला द्रोण तसाच राहिला.

"तेव्हा कळलं नसेल तुम्हाला," रविराज म्हणाला. बिचारा त्यांना वाट काढून देत होता.

"कळलं व्हतं," अप्पा म्हणाले. "टाकीतून काढली तेव्हाच कळलं व्हतं. पण चार माणसांत बोलून गेलो. मग ते खरं दिसावं म्हणून तिच्यामागे पुसत राहिलो. पुसून पुसून मलाच खरं वाटायला लागलं."

आई, पोलाद निळं होताना मी बघितलं, गंज काळा होताना बघितला, पण असं काही मी अजून बघितलं नव्हतं. त्या माणसाचा मला इतका राग आलाय गेला महिनाभर. आणि काल तो भरल्या दुकानात उभा राहून स्वतःच्या धंद्याचं नाव स्वतःच्या हाताने घालवत होता, आणि मला त्याच्याकडे वर मान करून बघवेना. दोन गिऱ्हाइकांतला एक जण आपली बंदूक न ठेवताच गेला. अप्पांनी त्याला थांबवलं नाही. तासाभरात भद्रकालीत सगळ्यांना कळलं होतं. अक्काबाई कशासाठी असतात?

मग ते मला म्हणाले, पेठची पहिली गाडी कधीची. साडी घेऊ का, विचारलं. मी म्हटलं, काही नेऊ नका. तुम्हाला परत आणायला जातोय असंही म्हणू नका. दुकानात बोललात तेच तिथे बोलायचं, आणि गिऱ्हाइकं नसली तरी तेवढ्याच मोठ्याने बोलायचं. अप्पा म्हणाले, "तिने दारच उघडलं नाय तर?" म्हटलं, मग दाराला सांगून या.

पण तुम्ही दार उघडलंत, नाहीतर हे पत्र तुमच्या हातात नसतं. ते मी पोस्टात टाकलेलं नाही, त्यांच्याबरोबर दिलंय. त्यांना सांगितलंय, आधी पत्र द्या आणि आईंचं वाचून होईपर्यंत तोंड उघडू नका, त्या सांगेपर्यंत उंबऱ्याच्या आत येऊ नका.

ते आता समोर उभे असतील, आई. आता त्यांना बोलू द्या. त्यानंतर आत या म्हणायचं की गाडीची वेळ सांगायची, ते तुम्ही ठरवा. काहीही ठरवलंत तरी मी तुमचीच सून आहे.

योगिनी